सरकारी पाळत आणि कंपन्यांकडे जमणारा आपला डेटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकार जास्त धोकादायक की कंपन्या, हा वाद बहुतेक वेळा दोन वेगळे ढीग आहेत असं गृहीत धरून घातला जातो. प्रत्यक्षात ढीग बऱ्याचदा एकच असतो. तो कंपनी जमवते आणि सरकार मागून घेतं, विकत घेतं किंवा वाटेत उचलतं. त्यामुळे खालच्या बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली आहे: कोणती नोंद मुळात तयारच होऊ द्यायची नाही, आणि झालीच तर किती दिवस टिकू द्यायची.

दोन्हींत मूळ फरक काय?

हेतूचा आणि हातातल्या सत्तेचा. सरकार नोंदी ठेवतं ते गुन्ह्यांच्या तपासासाठी, सुरक्षेसाठी, करवसुलीसाठी, आणि इतिहासात अनेकदा राजकीय विरोधकांवर नजर ठेवण्यासाठीही. अटक, जप्ती, प्रवासबंदी या गोष्टी त्याच्या हातात असतात. कंपनी नोंदी ठेवते ती जाहिरात विकायला, किंमत ठरवायला, कर्ज किंवा विमा द्यायचा की नाही हे जोखायला. ती तुम्हाला तुरुंगात टाकू शकत नाही. मात्र तुमचा अर्ज फेटाळला जातो, खातं बंद होतं, आणि कारण विचारलं तर साचेबंद उत्तराची मेल येते.

दुसरा फरक कमी बोलला जातो. सरकारवर निदान कागदोपत्री लगाम असतो: वॉरंट, न्यायालय, संसदीय समिती. कंपनीच्या बाबतीत अनेक देशांत मुख्य लगाम म्हणजे आपण न वाचता मान्य केलेल्या अटी-शर्ती. उलट बाजूने पाहिलं तर कंपनीचं ॲप काढून टाकता येतं, सरकारी नोंदवहीतून नाव काढता येत नाही.

मग भीती कोणाची जास्त बाळगायची?

हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पत्रकार, वकील, कामगार संघटनेचा कार्यकर्ता किंवा आश्रय मागणारा माणूस असेल, तर सरकारी नजर पहिली. कर्ज, विमा किंवा नोकरीच्या अर्जाची वेळ असेल, तर कंपन्यांकडची नोंद जास्त नडते. छळ करणाऱ्या जोडीदारापासून लांब जायचं असेल, तर यातलं कुणीच पहिलं नाही. तिथे आधी शेअर केलेलं लोकेशन, कुटुंबाचं सामायिक खातं आणि दुसऱ्या फोनवर लॉगिन राहिलेली मेल पाहा.

डेटा फुटण्याच्या बाबतीत मात्र दोघांत डावं-उजवं करता येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे होते. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमापन कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांचा तपशील गेला. पासवर्ड बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. म्हणून शरीराशी जोडलेली नोंद कुणीही मागितली, तरी सगळ्यांत जास्त हात आखडता तिथे घ्यावा.

कंपनीकडचा डेटा सरकारपर्यंत पोचतो कसा?

चार वाटांनी, आणि प्रत्येक वाटेवरचा बचाव वेगळा आहे.

पहिली वाट कायदेशीर आदेशाची. समन्स, न्यायालयाचा आदेश किंवा वॉरंट येतं आणि कंपनी जे साठवलेलं आहे ते देते. अमेरिकेत राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली असं पत्रही निघतं, ज्यावर न्यायाधीशाची सही लागत नाही आणि ज्यासोबत बहुधा ‘ग्राहकाला कळवायचं नाही’ अशी तंबी असते. काही आदेश उलट्या दिशेने चालतात: पोलिस कुणाचं नाव देत नाहीत, नकाशावर एक चौकोन आखतात, वेळ सांगतात आणि त्या वेळी तिथे असलेल्या सगळ्या फोनांची यादी मागतात. त्यात रस्त्याने नुसते जाणारेही येतात. गुगलकडे अशा मागण्या वाढत गेल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी लोकेशनचा इतिहास स्वतःच्या सर्व्हरऐवजी वापरकर्त्याच्या फोनवरच ठेवण्याचा बदल जाहीर केला. सर्व्हरवर साठा नसला की त्या यादीचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी वाट तारेवरून उचलण्याची. जून २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचे माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून आधी पहिल्याच वाटेचे प्रकार जगाला कळले: व्हेरायझन या टेलिफोन कंपनीकडून कोट्यवधी ग्राहकांच्या कॉलनोंदी सरसकट घेतल्या जात होत्या, आणि बड्या इंटरनेट कंपन्यांकडून वापरकर्त्यांची माहिती घेणारा ‘प्रिझम’ नावाचा कार्यक्रम होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगल आणि याहू यांच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या तारांमधून माहिती उचलली जात असल्याचं समोर आलं. ती वाहतूक कंपनीच्या आतली म्हणून उघडी धावत होती. त्यानंतर या कंपन्यांनी आतल्या तारांवरही एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं कुलूप) लावण्याचा वेग वाढवला. इथे बचाव एन्क्रिप्शनचाच, आणि तो फक्त ग्राहकापासून सर्व्हरपर्यंत असून भागत नाही.

तिसरी वाट सरळ खरेदीची. फोनमधल्या ॲप्सकडून लोकेशन घेणारे डेटा दलाल ते कुणालाही विकतात, आणि ग्राहकांत सरकारी खातीही असतात. विकत घेतलेल्या मालाला वॉरंट लागत नाही, असा युक्तिवाद केला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने जून २०२३ मध्ये खुल्या केलेल्या अहवालात गुप्तचर यंत्रणा असा बाजारातला डेटा मोठ्या प्रमाणावर घेतात हे मान्य केलं आहे. आमच्या मते चारही वाटांमध्ये सगळ्यांत सैल दार हेच आहे, कारण इथे ना न्यायालय मध्ये येतं ना कंपनीचा वकील.

चौथी वाट थेट फोनमध्ये शिरण्याची. स्पायवेअरबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

मेटाडेटा म्हणजे बोलणं नव्हे, फक्त नोंद. त्यात एवढं काय?

कोणी कोणाला, कधी, किती वेळ आणि कुठून फोन केला, एवढंच मेटाडेटात असतं. आता हा क्रम पाहा: सकाळी रक्ततपासणी केंद्राचा फोन, दोन मिनिटं. लगेच कर्करोगतज्ज्ञाला फोन, अकरा मिनिटं. मग बहिणीला पाऊण तास, आणि संध्याकाळी विमा कंपनीला. एक शब्दही न ऐकता सगळं कळलं. बोलणं ऐकायला माणूस लागतो, भाषा समजावी लागते, आवाज खरखरीत असतो. मेटाडेटा आयता तक्त्यात बसतो आणि कोट्यवधी लोकांचा एका झटक्यात चाळता येतो.

अमेरिकेत १९७९ च्या स्मिथ विरुद्ध मेरीलँड खटल्यात न्यायालयाने म्हटलं की डायल केलेले क्रमांक तुम्ही स्वतःहून टेलिफोन कंपनीला सांगता, म्हणून त्यावर खासगीपणाचा दावा नाही. तो तर्क पुढे जवळपास सगळ्याच कंपन्यांकडच्या नोंदींना लावला गेला. २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात त्याला पहिली मोठी चीर पडली. पोलिसांनी वॉरंटशिवाय एका माणसाच्या १२७ दिवसांच्या १२,८९८ टॉवरनोंदी मिळवल्या होत्या, म्हणजे दिवसाला सरासरी शंभरावर. पाच विरुद्ध चार अशा निकालात न्यायालयाने असा इतिहास मिळवायला साधारणतः वॉरंट हवं असं ठरवलं.

‘डेटा निनावी करूनच वापरतो’ असं कंपन्या म्हणतात. विश्वास ठेवावा का?

नाव पुसणं सोपं आहे, ओळख पुसणं फार अवघड. लोकेशनच्या बाबतीत तर जवळपास अशक्य. रात्री दोन वाजता फोन जिथे असतो ते घर, दुपारी बारा वाजता जिथे असतो ते कामाचं ठिकाण. या दोन्ही जागा जुळणारी माणसं जगात बहुधा एक-दोनच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. वेळ आणि जागा यांचे फक्त चार बिंदू माहीत असले, तर ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येत होते. त्याआधी लटान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात.

एकत्रित आकडेवारीही कधी कधी फसवते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपचा जागतिक नकाशा चर्चेत आला. त्यात एकाही धावणाऱ्याचं नाव नव्हतं, पण ओसाड प्रदेशात चमकणाऱ्या रेषांमुळे लष्करी तळांच्या आतले रस्ते दिसू लागले.

फोन माझं बोलणं ऐकून जाहिराती दाखवतो, हे खरं आहे का?

सतत ऐकणं होत असल्याचा भक्कम पुरावा नाही. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,००० हून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. चोरून आवाज पाठवणारं ॲप सापडलं नाही, पण स्क्रीनवरच्या हालचाली रेकॉर्ड करून बाहेर पाठवणारी काही सापडली. शिवाय आता मायक्रोफोन चालू असताना वरच्या पट्टीत आयफोनवर केशरी आणि अँड्रॉइडवर हिरवी खूण येते.

तरीही जाहिरात नेमकी येते, कारण ऐकण्याची गरजच पडत नाही. तुम्ही आणि तुमचा मित्र एकाच वायफायवर होतात, त्याने घरी जाऊन ती वस्तू शोधली, तुमचे नंबर एकमेकांच्या संपर्कयादीत आहेत. एवढ्यावर तुमचं नाव त्या जाहिरातीच्या यादीत जातं. ज्या शंभर जाहिराती चुकल्या त्या आपण विसरतो, हेही आहेच.

आवाजाचा खरा धोका व्हॉइस असिस्टंटकडून आहे. चुकून जागा झालेला असिस्टंट काही सेकंद रेकॉर्ड करतो. असे तुकडे कंत्राटी कर्मचारी ऐकतात हे २०१९ मध्ये उघड झालं आणि ॲपलसह काही कंपन्यांना ती पद्धत थांबवावी लागली. असिस्टंटच्या सेटिंगमध्ये आवाजाचे नमुने सुधारणेसाठी देण्याची परवानगी बंद करा आणि जुनी रेकॉर्डिंग पुसा.

एक जाहिरात दिसते तेव्हा पडद्यामागे काय होतं?

लिलाव. पान किंवा ॲप उघडताच जागेची बोली लागते आणि सुमारे १०० मिलिसेकंदांत संपते. बोली लावणाऱ्यांना एक विनंती जाते. तिच्यात साधारण हे असतं: आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक), फोनचं मॉडेल, भाषा, ॲपचं किंवा पानाचं नाव, फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातदारांना फोन ओळखता यावा म्हणून दिलेला क्रमांक) आणि बऱ्याचदा अक्षांश-रेखांश. ही विनंती अनेक कंपन्यांकडे जाते. जिंकतं एकच, पण वाचायला सगळ्यांना मिळते. काही जण तर जिंकण्यासाठी नव्हे, फक्त ही विनंती वाचून साठवण्यासाठी लिलावात बसतात. डेटा दलालांच्या मालाचा एक मोठा झरा इथला आहे.

अक्षांश-रेखांशातले दशांश महत्त्वाचे. दोन आकडे असतील तर अचूकता सुमारे १.१ किलोमीटर, म्हणजे वस्ती कळते. चार असतील तर सुमारे ११ मीटर, म्हणजे घर कळतं. म्हणून फोनमध्ये ॲपला लोकेशन द्यावंच लागलं तर ‘अंदाजे’ हा पर्याय निवडा. हवामानाच्या ॲपला तुमचा दरवाजा माहीत असण्याचं काही कारण नाही.

जाहिरात आयडी बंद कसा करायचा?

अँड्रॉइडवर सेटिंग्ज उघडून ‘प्रायव्हसी’मध्ये (काही फोनांत ‘गुगल’ या भागात) ‘ॲड्स’ शोधा आणि ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ दाबा. ‘रीसेट’ नको. रीसेटने नवा आयडी मिळतो आणि तोच आयपी, तेच फोन मॉडेल पाहून जुना-नवा जोडता येतो. डिलीट केल्यावर ॲपला फक्त शून्यांची माळ मिळते.

आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘ट्रॅकिंग’, आणि तिथे ॲप्सना विचारण्याची परवानगीच बंद. ही सोय एप्रिल २०२१ मधल्या १४.५ आवृत्तीपासून सक्तीची झाली. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या पानावर खाली ‘ॲपल ॲडव्हर्टायझिंग’ वेगळं आहे, तेही बंद करायचं राहतं.

दोन मिनिटांचं काम आहे, आणि या सगळ्या यादीत एवढ्या कमी कष्टात एवढा फरक दुसरं काहीच पाडत नाही. मात्र मेल किंवा फोन नंबर देऊन लॉगिन केलेल्या ॲपला आयडीची गरज नसते, तुमचा नंबरच त्याचा आयडी असतो.

लोकेशन बंद केलं की माग लागत नाही ना?

लागतो. जागा कळण्याच्या वाटा अनेक आहेत आणि एक बटण त्यातली एकच बंद करतं.

सिम चालू असेल तर कंपनीला टॉवर कळतोच, नाहीतर फोन वाजणार कसा. ही नोंद तिच्याकडे राहते, आणि किती काळ राहते हे देशाच्या नियमांवर ठरतं. सिम बदललं तरी फोनचा आयएमईआय, म्हणजे यंत्राचा स्वतःचा १५ अंकी क्रमांक, तोच राहतो, त्यामुळे जुन्या फोनात नवं सिम घालून काही साधत नाही. वायफाय आणि ब्लूटूथ आसपासची यंत्रं शोधत असतात. नवे फोन त्यासाठी बदलता पत्ता वापरतात, पण लोकेशन सेवेच्या आत ‘वायफाय स्कॅनिंग’ वेगळं चालू असतं, ते मुद्दाम बंद करावं लागतं. आयपी पत्त्यावरून शहर कळतं. फोटोत काढल्याची जागा शिवलेली असते, म्हणून पाठवताना ‘लोकेशन’ची खूण काढा.

आणि खात्यातल्या नोंदी. गुगलमध्ये ‘लोकेशन हिस्टरी’ (आता ‘टाइमलाइन’) बंद केली तरी ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ या दुसऱ्या सेटिंगखाली जागा साठत राहते, हे २०१८ मध्ये उघड झालं. त्यावरून २०२२ मध्ये गुगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. दोन्ही सेटिंगं पाहा. पूर्ण बंद करणं जमत नसेल तर आपोआप पुसण्याची मुदत तीन महिन्यांवर आणा. ३६ महिन्यांचा पर्यायही तिथे असतो, त्याला हात लावू नका.

एखाद्या ठिकाणी गेल्याची नोंद खरंच नको असेल, तर फोन न नेणं हाच खात्रीचा उपाय. वाटेत बंद केलेला फोनही ‘इथपर्यंत आला आणि गप्प झाला’ अशी नोंद सोडतो.

एन्क्रिप्शन असलेल्या मेसेजमध्ये सरकारला काय मिळतं?

व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून सगळे मेसेज एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंत कुलूपबंद जातात. मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, कधी बोललं, कोणत्या गटात आहे, प्रोफाइलवर काय आहे, हे कंपनीकडे असतं आणि मागता येतं. सिग्नल या दुसऱ्या मेसेज ॲपला २०१६ मध्ये अमेरिकेतून माहिती देण्याचा आदेश आला तेव्हा त्यांच्याकडे देण्याजोग्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. दोन्हींत एन्क्रिप्शनचं तंत्र तेच आहे. फरक काय साठवायचं या निर्णयाचा आहे.

सगळ्यांत जास्त लोक फसतात ते बॅकअपमध्ये. मेसेज कुलूपबंद, आणि त्याचीच प्रत क्लाउडवर उघडी. व्हॉट्सॲपमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘चॅट्स’, ‘चॅट बॅकअप’ या क्रमाने जाऊन एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली निवडली असेल तर ती कागदावर लिहून ठेवा, हरवली तर बॅकअप कुणीच उघडून देऊ शकत नाही. ॲपलच्या आयक्लाउडसाठी ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आहे. ब्रिटन सरकारने मागच्या दाराची, म्हणजे कुलूप असूनही डेटा वाचता येईल अशा वाटेची, मागणी केल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ती सोय त्या देशातल्या नव्या वापरकर्त्यांसाठी बंद केली. आणि तुमचा बॅकअप नीट असला तरी समोरच्याचा उघडा असेल तर संभाषण तिथून जातं. गटात बोलत असाल तर सगळ्यांनी हे करायला हवं, शिवाय आपोआप पुसले जाणारे मेसेज लावा.

नोटिफिकेशन हीसुद्धा एक वाट आहे. ती ॲपल किंवा गुगलच्या सर्व्हरमधून येते, आणि सरकारं त्या नोंदी मागतात हे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रातून समोर आलं.

व्हीपीएन घेतला तर सगळं झाकलं जातं का?

नाही. व्हीपीएन तुमची इंटरनेट वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेतो. इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, एवढाच बदल. सार्वजनिक वायफायवर किंवा इंटरनेट कंपनीवर विश्वास नसेल तेव्हा उपयोग आहे. लॉगिन केलेली साइट, टॉवर, जीपीएस आणि जाहिरात आयडी यांवर त्याचा काही परिणाम नाही. फुकट व्हीपीएन टाळा, कारण सर्व्हरचा खर्च कुठून तरी निघतोच.

ब्राउझरचा इन्कॉग्निटो मोड?

त्याच फोनवर दुसऱ्याला इतिहास दिसू नये, एवढ्यापुरतं. साइटला आणि इंटरनेट कंपनीला तुम्ही दिसताच.

माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मग काळजी कशाला?

कारण नोंद आज केली जाते आणि ती कशासाठी वापरायची हे उद्याचे लोक ठरवतात. दुसऱ्या महायुद्धाआधी नेदरलँड्समध्ये उत्तम लोकसंख्या-नोंदणी होती, त्यात धर्माचा रकाना होता. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली ही नोंद जर्मन ताब्यात गेल्यावर ज्यू नागरिकांना शोधायला वापरली गेली. मार्च १९४३ मध्ये डच प्रतिकारकांनी ॲम्स्टरडॅमचं नोंदणी कार्यालय स्फोटाने पेटवून दिलं. कार्ड घट्ट रचलेली असल्याने बरीचशी जळालीच नाहीत. देशातले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले. रकाना भरणाऱ्या कारकुनाच्या मनात यातलं काही नव्हतं.

शिवाय ही गोष्ट फक्त तुमच्यापुरती नसते. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात प्रश्नमंजुषेचं ॲप घेणारे सुमारे २ लाख ७० हजार लोक होते. त्यांच्या मित्रयादीतून फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांचा डेटा गेला. ‘माझं काही नाही’ म्हणून संपर्कयादी ॲपला देताना आपण शेकडो जणांचा नंबर त्यांना न विचारता देतो.

स्पायवेअरचा संशय असेल तर?

स्पायवेअर म्हणजे फोनमध्ये शिरून पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर. पेगासससारखं हत्यार महागडं असतं आणि निवडक लोकांवर वापरलं जातं, पण कधी कधी काहीही न दाबता फोनमध्ये शिरतं. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या त्रुटीतून सुमारे १,४०० लोक लक्ष्य झाले. कॉल उचलायचीही गरज नव्हती. बॅटरी लवकर संपते, फोन तापतो, या खुणांवरून काहीच ठरत नाही.

जोखमीचं काम करत असाल तर अपडेट आलं त्या दिवशी घ्या, आयफोनवर ‘लॉकडाउन मोड’ चालू ठेवा आणि फोन रोज बंद-चालू करा. काही प्रकारचं स्पायवेअर फोन पुन्हा चालू झाल्यावर टिकत नाही, त्याला पुन्हा शिरावं लागतं. संशय बळावला तर फोन पुसून टाकू नका. पुरावा जातो. तो बाजूला ठेवा, दुसऱ्या फोनवरून डिजिटल सुरक्षेच्या जाणकार संस्थेशी बोला.

फोन तपासणीसाठी मागितला जाण्याची शक्यता असेल तर आधी काय करावं?

चेहरा आणि बोट यांनी उघडणं बंद करा, कारण ते तुमच्या संमतीशिवाय वापरणं सोपं आहे. आयफोनवर बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं की पुढच्या वेळी पासकोडच लागतो. अँड्रॉइडवर पॉवर मेनूत ‘लॉकडाउन’ असतं. पासकोड किमान सहा अंकी, शक्यतो अक्षरांसह. फोन पूर्ण बंद करून ठेवला तर आणखी चांगलं: चालू करून पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत आतला बहुतेक डेटा कुलूपबंदच असतो. पासकोड सांगणं बंधनकारक आहे की नाही, हे देशागणिक बदलतं. प्रवासाआधी वकिलाकडून माहिती घ्या.

कंपनीकडे माझ्याबद्दल काय आहे हे कसं मागायचं?

युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात हा हक्क सगळ्यांत ठोस आहे. उत्तर एका महिन्यात द्यावं लागतं, गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने. दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जातो. मे २०२३ मध्ये मेटाला १.२ अब्ज युरोचा दंड झाला, आणि कारण आपल्या विषयाच्या मधोमध बसतं: युरोपातल्या लोकांचा डेटा अमेरिकेत नेला जात होता आणि तिथे तो सरकारी पाळतीपासून पुरेसा सुरक्षित नव्हता. भारतात २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात कंपन्यांवर बंधनं आहेत आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही आहे.

अर्ज करताना ‘माझा सगळा डेटा द्या’ एवढंच लिहिलं तर खात्यातून उतरवून घेता येणारी फाइल पाठवतात आणि विषय संपवतात. नेमके चार मुद्दे लिहा: माझ्याबद्दल काढलेले निष्कर्ष आणि गट, डेटा ज्यांना दिला त्यांची नावं, प्रत्येक प्रकारची साठवण-मुदत, आणि डेटा मुळात कुठून आला. खातं ज्या मेलवर आहे त्याच मेलवरून पाठवा, तारीख नोंदवा. ओळखपत्र मागितलं तर नाव सोडून बाकी झाकून द्या. आधी माहिती मागा, पुसायला नंतर सांगा. क्रम उलटला तर काय होतं ते कधीच कळत नाही.

आम्ही स्वतः छोटी साइट किंवा ॲप चालवतो. आमच्याकडून काय व्हावं?

एक कागद घ्या आणि लिहा: उद्या एका माणसाबद्दल आदेश आला तर आपल्याकडे देण्याजोगं काय काय आहे? बहुतेकांना या यादीतल्या निम्म्या गोष्टींची गरज नसते.

सर्व्हरच्या नोंदीत आयपीचा शेवटचा भाग पुसा आणि नोंदी १४ ते ३० दिवसांत आपोआप जातील अशी व्यवस्था करा. हल्ला किंवा बिघाड शोधायला एवढा काळ सहसा पुरतो. जन्मतारखेऐवजी ‘१८ पूर्ण आहे का’ एवढंच विचारा. बाहेरचे फॉन्ट, नकाशे, ‘लाइक’ची बटणं आणि मोजणीचे पिक्सेल एकेक करून काढा. प्रत्येकातून वाचकाचा आयपी आणि पानाचा पत्ता तिसऱ्याकडे जातो, तुम्ही काहीच साठवत नसलात तरी. ॲपमध्ये घातलेले बाहेरचे तयार कोडसंच तपासा. लोकेशनची परवानगी तुम्ही नकाशासाठी घेता आणि त्याच परवानगीवर जाहिरातीचा कोडसंचही जागा उचलतो.

बहुतेकांचं चुकतं ते बॅकअपच्या ठिकाणी. वापरकर्त्याने खातं पुसलं, मुख्य डेटाबेसमधून गेलं, पण बॅकअपमध्ये दोन वर्षं पडून राहिलं. बॅकअप ३० ते ३५ दिवसांत फिरते ठेवा, आणि पुसलेल्या खात्यांच्या फक्त आतल्या क्रमांकांची वेगळी यादी ठेवा. बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करायची वेळ आली की आधी ती यादी चालवा, मगच साइट सुरू करा.